चोरीस गेली पाच मिनिटे पस्तीस सेकंद

जबाब देणाऱ्याचे नाव व पत्ता : माझ्याविरुद्धच्या अर्जाच्या पहिल्या पानावर आहेत तेच. ओळखीतले लोक 'स्टार्टर' म्हणतात, तेही लिहून घ्यावे असा माझा आग्रह. वय ४४ वर्षे. धंदा : पाण्याच्या मोटारी, पंखे व मिक्सर दुरुस्त करणे. दुकान राहत्या घराखालीच.

समोर बसवून विचारल्यावरून, मध्ये कोणी बोलणार नाही या अटीवर सांगतो की, मी लहानपणापासून अडखळत बोलतो. हे आधीच लिहिलेले बरे, म्हणजे दुपारी एक चाळीसला सुरू झालेला जबाब पाच वाजले तरी का चालला होता, हे वरिष्ठांना कळेल. 'स्टार्टर' हे नाव शाळेत पडले. मोटार घरघर करते पण पाणी चढवत नाही तसा हा, असे वर्गातल्या एका शहाण्याचे म्हणणे होते. पुढे मी मोटारींचाच धंदा धरला. त्या शहाण्याची मोटार आता माझ्याकडेच येते आणि मी ती सावकाश दुरुस्त करतो.

अडखळणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत मी सात वर्षे दर रविवारी जातो. संस्थेने माझे अडखळणे घालवले नाही, तसे तिने कधी सांगितलेही नव्हते. अडखळत का होईना, वाक्य शेवटाला न्यायला तिने शिकवले. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच नियम लावला आहे : 'दुसऱ्याचा शब्द पुरवू नये.' त्याआधी मी हॉटेलात हवे ते कधी मागितले नव्हते. ज्या पदार्थाचे नाव तोंडातून निघेल तो खात होतो.

संस्थेच्या वेबसाइटवर लोकांचे अनुभव टाकायचे ठरले, तेव्हा संस्था चालवणाऱ्या ताईंनी ते गोळा करायचे काम मला दिले. सहा आठवड्यांत मी दहा जणांकडे जाऊन मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड केले. बेकरीवाल्या काकांनी मला तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा म्हणाले, "कापणार नसशील तर बोलतो. आयुष्यभर लोकांनी माझं बोलणं मधेच कापलंय." मी शब्द दिला. उरलेल्या नऊ जणांनाही तोच दिला. अकरावा अनुभव माझा स्वतःचा.

माझे रेकॉर्डिंग सहा मिनिटे चाळीस सेकंदांचे होते. ते मी जगासाठी केले नव्हते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तीही अडखळते. बापाने घाम पुसत, अडकत, पण वाक्य पुरे केलेले तिने पाहावे, एवढ्यासाठी केले. 'माझी मुलगी' या शब्दांवर मी एकोणीस सेकंद अडकलो होतो. ते निघाल्यावर मला हसू आले, तेही त्यात होते.

मागच्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी अनुभव वेबसाइटवर आले. माझा एक मिनिट पाच सेकंदांचा होता. वेबसाइटचे काम बघणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येक अडखळ कापून सांधे जुळवले होते. मी बातम्या दिल्यासारखा घडाघडा बोलत होतो. शेजारी घरी येऊन अभिनंदन करून गेले. मुलीने ते चार वेळा पाहिले आणि वहीच्या पानावर लिहून माझ्यापुढे ठेवले : 'बाबा, तुमचं गेलं? मग माझं का जात नाही?' त्यानंतर ती बोललेली नाही. आज दहावा दिवस. हवे-नको ते वहीत लिहून दाखवते. शाळेत हजेरीला नुसता हात वर करते. माझी पत्नी म्हणाली, "अहो, पोरगी मुकी व्हायची वेळ आलीय. काहीतरी करा!"

ताई परगावी होत्या, त्यामुळे रविवारच्या बैठका बंद होत्या. मी संस्थेच्या कार्यालयात चार वेळा फोन केला. माझा पहिला शब्द निघेपर्यंत पलीकडून "हॅलो, आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवला गेला. म्हणून वहीचे ते पान खिशात घालून मी आज सोमवारी सकाळी सव्वादहाला चष्म्याच्या दुकानावरील कार्यालयात गेलो.

गृहस्थ म्हणाले, "बसा, पण थोडक्यात सांगा हं." मी सांगू लागलो. ते शब्द पुरवू लागले. "व्हिडिओ आवडला? फोटो बदलायचा? कुणाला पाठवायचाय?" कोणी शब्द पुरवला की मी वाक्य पहिल्यापासून सुरू करतो. ही खोड मला संस्थेनेच लावली आहे. असे करता करता साडेबारा वाजले. मी कार्यालय अडवून ठेवले असे अर्जात म्हटले आहे. मी अडवले नाही. मी एक वाक्य बोलत होतो. ते वाक्य असे : 'आमचं कापलेलं बोलणं परत द्या.' माझा आवाज चढला हे खरे. टेबलावर मूठ आपटली हेही खरे. पेल्यातले पाणी सांडले, ते मी माझ्याच रुमालाने पुसले. शिवी दिली नाही. देणार होतो, पण ती निघायच्या आत पोलीस आले.

गृहस्थांचे म्हणणे असे की, बरा झालेला माणूस दिसला की लोक मदत करतात. त्यांनी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी पोलिसांत आलो नव्हतो. अर्ज त्यांनी दिला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय! आता आलोच आहे तर माझीही तक्रार लिहून घ्यावी. चोरीस गेलेला माल : पाच मिनिटे पस्तीस सेकंद. वर्णन : श्वास, थांबे व एक हसू. माझ्यासोबत आणखी दहा जणांचा माल गेला आहे आणि त्यांना शब्द मी दिला होता.

ठाण्यात हवालदारांनीही पहिली वीस मिनिटे शब्द पुरवले. "काय गेलं, मोबाइल? सोनं? गाडी?" मी दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली. मग त्यांनी पेन खाली ठेवले, चहा मागवला आणि हनुवटीला हात लावून बसले. त्यानंतर बरे चालले. गृहस्थ मध्येच म्हणाले, "त्यांना असं म्हणायचंय की..." तेव्हा हवालदार त्यांच्यावर खेकसले, "अहो, तोंड त्यांचं, वाक्य त्यांचं. तुम्ही कशाला लुडबुड करताय?" हे वाक्य जबाबात नको असे हवालदार म्हणत होते. मी ठेवायला लावले.

चार वाजता, निरोप मिळाल्यामुळे, ताई बसमधून उतरून बॅगेसकट थेट ठाण्यात आल्या. ताईही अडखळतात. त्यांनी वहीचे पान दोनदा वाचले, घडी घालून मला परत दिले आणि गृहस्थांना म्हणाल्या, "अकराच्या अकरा. आहेत तसे. आत्ता." एवढे म्हणायला त्यांना लागायचा तेवढा वेळ लागला आणि गृहस्थांनी एकही शब्द पुरवला नाही. त्यांनी हवालदारांच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. चार पस्तीसला अकरा अनुभव पूर्ण लांबीने वेबसाइटवर आले. गृहस्थांनी अर्ज मागे घेतला व माझी माफी मागितली. ती मी शेवटपर्यंत ऐकून घेतली. माझा माल परत मिळाल्याने माझीही तक्रार उरली नाही. बेकरीवाल्या काकांचा फोन आला. "सगळं आलं रे!" हे सांगायला त्यांनी निवांत वेळ घेतला.

दरम्यान पत्नी मुलीला शाळेतून घेऊन आली होती. माझे रेकॉर्डिंग सर्वांसमोर लावले. एकोणीस सेकंद चालू असताना फक्त पंख्याचा आवाज येत होता. (त्या पंख्याचे बेअरिंग गेले आहे, उद्या बदलून देतो.) मुलगी स्क्रीनकडे पाहत होती. मी मुलीकडे पाहत होतो. व्हिडिओत मी हसलो तेव्हा तीही हसली, आवाजासकट. त्याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवायचा असतो, असे कळले. मी विनंती केली, ती मान्य झाली, आणि माझा जबाब मीच सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. एकतीस मिनिटे लागली. मी सांगितला तसाच उतरला आहे, बरोबर आहे. यातले एक अक्षर कापू नये.

(सही)

हवालदाराची नोंद : वाचनाच्या वेळी जबाब देणाऱ्याची मुलगी, वय १२, हजर होती. तिचे नाव आईला विचारले असता मुलीने आईच्या तोंडावर हात ठेवला व स्वतः सांगितले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही सांगितली. वेळ लागला. थांबलो.