हळदीचा पाइप, कुंकवाचा पाइप

बोट दुरुस्त करायची असेल तर पूजेचं ताट आधी लांब ठेवा, एवढंच सांगतो. मी तेव्हा मसाटच्या कारखान्यात फिटर होतो. सिल्वासाच्या आमच्या रघुनाथ मास्तरांनी जुनी मोटरबोट घेतली होती. तिच्या मागचा पंख्याचा दांडा तेलाच्या दाबाने वरखाली व्हायचा, आणि त्या तेलाचे दोन्ही पाइप फुटले होते. दुपारी पाहुणे येणार होते.

मी म्हटलं, "मेकॅनिक कशाला? कारखान्यात रोज हेच करतो."

नवे पाइप दांड्याला जोडून बोटीच्या पोटात ओवले. आत कोणता कुठला हे कळावं म्हणून मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, बोटीच्या पूजेसाठी आणलेल्या ताटातलं कुंकू वर उचलणाऱ्या पाइपाला लावलं, दुसऱ्याला हळद लावली आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर दोन्ही पाइपांना हळदही आणि कुंकूही!

"वहिनी, हे काय?"

"तुम्ही अर्धवटच सोडलं होतं, भाऊजी. एकाला नुसती हळद, एकाला नुसतं कुंकू, असं कोणी करतं का?"

शेवटी अंदाजाने पाइप बसवले. तेवढ्यात पाहुणे नदीच्या काठावर आले. मास्तरांनी ऐटीत वर उचलायचं बटण दाबलं आणि दांडा खाली जाऊन चिखलात रुतला; बोटीची मागची बाजू उचलली गेली आणि नाक पाहुण्यांपुढे खाली झुकलं.

वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या, "या, या. बोटसुद्धा वाकून नमस्कार करतेय बघा तुम्हाला."