उपाशी पोटी

टूसॉनच्या जनावरांच्या दवाखान्यात ओफेलिया आपलं कासव मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी म्हातारा डेल्बर्ट आणि त्याची लेक रोवेना. रोवेनाच्या हातातल्या उशीच्या अभ्र्यात लांबनाक्या जातीच्या सापाची मादी होती.

"हलतेय का गं?"

"नाही. बाबा, खरं सांगा. गारव्यात ठेवायच्या आधी हिला काय घातलंत?"

"दोन उंदरं. अगदी पिल्लं."

"आधी दोन आठवडे उपाशी ठेवा, अशी चिठ्ठी लावली होती मी पेटीवर!"

"वाचली गं. पण हिवाळाभर झोपणार बिचारी. उपाशी पोटी कसं झोपवायचं?"

"थंडीत पचत नाही त्यांना. पोटातच सडतं."

"देवा..."

"वसंतात अंडी घालणार होती ती. चार वर्षं वाढवली मी."

"ओरड मला."

"ओरडून काय होणार, बाबा?"

ओफेलियाने नकळत कासवाच्या पाठीवर हात ठेवला.

"नर तरी आहे घरी. त्याच्यासाठी दुसरी मादी बघू. बाबा? असे उठलात का?"

"त्याला तीन घातली. तो अंगानं थोराड ना."