जावळाचं पोतं

दुपारी सव्वाबाराला निवृत्त सुभेदार सोमशेखर यांच्या खिशातला फोन वाजला. त्याआधी तासभर मंद्रूपजवळच्या एका वस्तीवर एक मेंढा कातरला गेला होता. तो कातरायचा नव्हता.

वस्ती मल्हारची. मल्हार सरहद्दीवर कामी आला, त्याला आज वर्ष झालं. गावच्या माजी सैनिकांनी यंदा सभा, शाल, नारळ सगळं रद्द करून त्याच्या घरची मेंढरं कातरून द्यायचं ठरवलं होतं. फोन मल्हारच्या बायकोचा, ऋतुजाचा. ती सकाळीच सोलापूरला, नवी पेठेत, त्याचा मोठा केलेला फोटो आणायला गेली होती. सुभेदारांनी फोनकडं पाहिलं, मेंढ्याकडं पाहिलं, मेंढ्याकडं पाठ केली आणि मग फोन उचलला.

“हॅलो?… हां, बोल पोरी… व्हय, ऐकू येतंय की. जरा दुकानात आत हो, रिक्षांचा लई गलका हाय… झाला का फोटो?… काचेला तडा? मग बदलून घे की. सावकाश घे. घाई न्हाय… न्हाय गं, मी कशाला तुला लांब ठेवू?”

“हितं ना? हितं झकास. सकाळपासनं हजर हावोत समदे. तुझ्या सासूनं, फुलाक्कानं, चहा दिला. नको म्हटलं तर ओरडली, मग दोनदा घेतला… टाकीचा नळ गळत होता, तो आमच्या शिवप्पानं बसवला. फौजेच्या सिग्नलमधला गडी… आता जास्त गळतोय, पण ते आमी बघतो.”

“मेंढरं? अगं, कातरूनच झाली! समदी!… व्हय, समदी… म्हंजे बहुतेक समदी… म्हंजे समदीच.”

“ऐक ना, ऐक. सव्वीस जानेवारीला तू माइकवर काय म्हणालीस? शाली बास झाल्या, कुणीतरी मेंढरं कातरायला या. सरपंचाच्या हातातली शाल हातातच राहिली… आमाला लागलं ते. गडी आमचा गेला, नि आमी वर्षभर त्याच्या बायकोला नुसतं पांघरूण घालतोय! म्हणून आलो… चांगलं केलं म्हणतीस? हे तुझं वाक्य ध्यानात ठेव पोरी. फुडं लागंल.”

“कातरायला हरिबा हाय की. त्याच्या घरचा धंदाच हाय. त्यानं शिकवलं, आमी शिकलो… कापलं? न्हाय, मेंढराला कुणाला कापलं न्हाय. महेश्वरच्या अंगठ्याला पट्टी हाय. तोफखान्यात अख्खी नोकरी झाली, कुटं खरचटलं न्हाय…”

“कोण?… झाडाखालचा?… हाय की. झाडाखालीच हाय. खातोय… बारीक? म्हंजे तसा बारीक वाटतोय जरा… आजारी न्हाय गं! अंगानं हाय तेवढाच हाय. वरनं बारीक.”

मेंढा सुभेदारांच्या मागं येऊन उभा राहिला आणि ओरडला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा ओरडला, असं सुभेदारांना वाटलं.

“ऋतुजा, ऐक. दुकानात बसायला काय हाय का?… उभीच? बरं… पोरी, त्यालाबी कातरला.”

“हॅलो?… हॅलो? ऋतुजा?… हायस ना?”

“व्हय… व्हय… सांगितलं होतं की. फुलाक्कानं समद्यांना उभं करून सांगितलं, झाडाखालच्याला हात लावू नका. आमी समद्यांनी मान हलवली… मग? मग महेश्वर म्हणाला, आधी फॉलिन करू… आमचं न्हाय गं, मेंढरांचं! उंचीनं. बारकी फुडं, दांडगी मागं. रांग वाकडी दिसू नये म्हणून त्यानं झाडाखालचा सोडला नि त्याच्या उंचीच्या जागी घातला… उभा राहिला तर! त्याच्यावानी शिस्तीचा एकबी न्हाय. नि एकदा रांगेत मिसळल्यावर कोण झाडाखालचा नि कोण उन्हातला… समदी काळीच.”

“बोल. बोल मला. आज माझा ऐकून घ्यायचा दिवस हाय.”

“हरिबा तवा भाकरी खायला बसला होता. आला, खाली सांडलेली लोकर चिमटीत धरली, नि त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. म्हणाला, साहेब, ही तर जावळाची. कोकराची पयली लोकर. आजवर कातर लागलेली न्हाय हिला…”

“म्हायतीय. मागनं फुलाक्कानं सांगितलं. शेवटच्या सुट्टीत जन्मलं ते कोकरू. मल्हारनं शर्टात गुंडाळलं नि म्हणाला, ह्याचं जावळ मीच काढणार, सृष्टीला घोंगडं करणार… व्हय… आपल्या लेकीला… मग तू तसंच ठेवलंस. त्याच्याबिगर कुणाचा हात लागू नये म्हणून… आणि आमी बारा जणांनी लावला.”

“रडू नको गं… बरं, रड. रड तू. मी हाय फोनवर.”

रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. सुभेदार फोन कानाला धरून उभे राहिले. मेंढ्यानं त्यांच्या कोपराला डोकं घासलं. त्यांनी त्याला हाकललं नाही.

“फुलाक्का? ती बाहेर आली नि म्हणाली, हा कुणाचा मेंढा? लोकांची जनावरं कशाला आणता हितं?… मग हात फिरवला, तवा कळलं तिला… मला काय म्हणाली ते फोनवर सांगण्यासारखं न्हाय. मराठीत म्हणाली, मग मला नीट कळावं म्हणून थोडं कन्नडमधी म्हणाली… ताटं वाढलीत तिनं. कुणी बसंना.”

“काय?… परत बोल… घोंगडं? तू म्हणतीस, कातरली तर कातरली, पोरीचं घोंगडं तरी त्याच लोकरीचं व्हावं?… व्हय पोरी. व्हय. शंभर टक्के. मल्हारचा शब्द तेवढा तरी…”

“आता कुटं हाय?… लोकर?”

सुभेदारांनी टोपी काढली.

“तुला म्हायतीय ना, आमी काम अर्धवट सोडत न्हाय… पोती भरली. तोंडं शिवली. समदी अभिमन्यूच्या टेंपोत घातली… नातेपुत्याला, त्या घोंगडीवाल्याकडं… व्हय. गेला… त्यातच हाय… न्हाय ठेवली वेगळी! शेवटच्या पोत्यात हाय, पार वर. तितं उतरली की एका ढिगात जाईल, पिंजून एक हुईल… कळतंय गं मला! हरिबाच्या बोलण्यापातुर टेंपो फाट्यावर गेला होता.”

“लावतोय की फोन! पाच जण लावतायत. उचलंना तो. मीच दम दिलाय, गाडी चालवताना फोन घ्यायचा न्हाय म्हणून. एवढ्या वर्षांत पयल्यांदा कुणीतरी गावात माझं ऐकलं, नि ते आज!… शिवप्पा गेला की मोटारसायकलीवर. वाटेतच, तेरामैलाला, पेट्रोल संपलं त्याचं.”

“थांब… थांब जरा. टेंपो विजापूर रोडनं सोलापुरातच येणार. मग मोहोळकडं… अगं, तू हायस की सोलापुरात!”

सुभेदारांनी टोपी परत घातली. अंगणातले बाकीचे जण जवळ सरकले.

“ऐक. फोटो दुकानातच ठेव. रिक्षा कर, विजापूर रोडवर सैफुलला जा… टेंपो निळा. वर हिरवी ताडपत्री… बायपासनं गेला तर? तर गेला. पण सोलापुरात चहा घेतल्याबिगर अभिमन्यू फुडं सरकत न्हाय, त्याच्यावरच आपली भिस्त… फोन चालू ठेव… बसलीस? रिक्षावाल्याकडं दे जरा… हां भाई, सैफुल लेना, जरा जल्दी… नक्को भाई, पुलिस का लफडा नै. लोकर का है… लोकर, लोकर! मेंढे की… हां, फौजी के घर का मेंढा… वो गुजर गये भाई. ये उनके घरवाले हैं… अच्छा… अच्छा भाई. बहोत मेहरबानी.”

“काय गं, काय झालं? एवढा वारा कसला?… सावकाश म्हण त्याला! न्हाय, नको, सावकाश म्हणू नको. धरून बस.”

मल्हारची आई फुलाबाई हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. मेंढा तेवढा अधूनमधून ओरडत होता.

“कुटं आलीस?… सैफुल? दिसतोय का?… हॉटेलापुढं? निळा?… ताडपत्री कसली हाय?… हिरवी! मग तोच की!… अभिमन्यू कुटं हाय?… आत चढतोय? हाक मार!… अगं, लाजू नको, मोठ्यानं मार!… चालू केला? रिक्षा आडवी घाल म्हणावं! भाई, आडी डालो! आडी!… न्हाय, आडवी म्हंजे जरा पुढं… थांबला का?… ऋतुजा? कसला आवाज झाला?… अगं, थांबला का?”

“हॅलो?… हॅलो?”

ऋतुजाचा फोन परत लागला नाही. मग सुभेदारांनी अभिमन्यूचा लावला. इतका वेळ नुसता वाजणारा तो फोन आता व्यस्त लागत होता. म्हणजे टेंपो थांबला होता.