टाकीच्या खांबाला शेंदूर

सरकारी कामाला देव पावत नाही म्हणता? मला पावला होता!

हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती आणि मी नवा ओव्हरसियर. बरकतपुऱ्यातल्या पाण्याच्या टाकीचे चारही लोखंडी खांब गंजले होते. मी रंग मागितला, तर साहेब म्हणाले, “नवं राज्य येऊ दे, ते बघेल.”

गंज काय वाटणीसाठी थांबतो? उद्या टाकी मोहल्ल्यावर कोसळली तर? मी चिडून गोदामातला उरलेला शेंदरी गंजरोधक रंग काढला. तो एकाच खांबाला पुरला.

महिन्याभरानं शनिवारी गेलो, तर खांबाला रुईची माळ, आणि शेजारच्या काकू त्यावर वाटीभर तेल ओतताहेत.

“काकू, हा मारुती नाही, रंग आहे!”

“मग शेंदूर काय आभाळातून पडतो? सरक, अंगावर तेल उडेल.”

मी तणतणत साहेबांकडे गेलो. “साहेब, लोक दर शनिवारी खांबाला तेल घालतात!”

“अन् गंज?”

“एवढ्या तेलात कसला धरतोय गंज!”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “तो फिर मियाँ, बाकी के तीन खांबां कायकू छोडे?”