दोन बोटं वाकडं स्टेअरिंग

नाव ओळखपत्राप्रमाणे नोंदले आहे. ओळखीचे सर्व लोक पानाआबा म्हणतात. वय ७१ वर्षे. शिक्षण चौथी, पुढचे गाड्यांखाली आडवे पडून शिकलो. धंदा: सुनेच्या टायर दुकानात बसणे आणि सांगितले नसताना कामात हात घालणे. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

पोलीस चौकीत स्वतः हजर होऊन, कोणी पाठवले म्हणून नव्हे, सांगतो की,

दुकान सुनेचे आहे. मुलगा बोटीवर नोकरीला असतो. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी गाडी घेऊन आल्या. सुनेने चारही टायर नवे बसवले, चाकांचा तोल यंत्रावर पाहिला, नट ठरलेल्या जोराने आवळले. मी समोर होतो. तिने कसर ठेवली नाही. मग ती वर जेवायला गेली.

गाडी बाजूला लावताना मला दिसले, की चाके सरळ असली तरी स्टेअरिंग डावीकडे दोन बोटे वाकडे राहते. अशी गाडी आमच्या दारातून जावी हे मनाला पटेना. पन्नास वर्षे अशी स्टेअरिंग मी सरळ करत आलो आहे. दोरी ताणून चाके मापली, पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे नट सोडले आणि स्टेअरिंग मधोमध आणले. डॉक्टरीणबाईंना विचारले नाही. सुनेला संध्याकाळी सांगू म्हटले, खूश होईल. संध्याकाळी विसरलो.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हा पिवळा दिवा लागलाय." मी म्हणालो, "नवे टायर आहेत, रुळले की विझेल." हे वाक्य माझे आहे, सुनेचे नाही.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता पुलाच्या डाव्या वळणावर गाडीने आपणहून पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक धरला. गाडी वळायची सोडून सरळ गेली व कठड्याला घासली. शेजारी डॉक्टरीणबाईंच्या आई होत्या. त्यांचे मनगट मोडले. चुकीचे टायर घातले, अशी सुनेवर तक्रार आहे.

बुधवारी दुकानात आपल्या हवालदारांसमोर तपासणी झाली. टायरचे आकडे बरोबर. हवा बरोबर. मी खडूने खूण करून प्रत्येक चाक एक फेरा चालवले. चारही चाकांचे माप तंतोतंत जुळले. चाकांपाशी जाणाऱ्या तारा शाबूत. मग सुनेने तपासणीचे यंत्र जोडले. स्टेअरिंग सरळ धरले असता पडद्यावर अकरा अंश उजवीकडे असे आले. तिने ते हळूहळू डावीकडे दोन बोटे नेले. पडद्यावर शून्य आले.

सुनेने हवालदारांना समजावले ते असे: पूर्वी कधीतरी कोणीतरी त्या वाकड्या जागेलाच सरळ ठरवून गाडीच्या डोक्यात घातले होते. आता स्टेअरिंग सरळ झाले, तरी गाडी ते जुनेच धरून बसली होती. वळणावर तिला वाटले, बाई वळवताहेत त्यापेक्षा मी जास्त फिरते आहे, आता घसरणार. म्हणून तिने ब्रेक धरला.

म्हणजे ती त्या दोघींना वाचवायला गेली होती. चुकीचे तिला मी सांगितले होते. एवढे यंत्र, क्षणाक्षणाला चारही चाकांची खबर घेणारे, आणि त्याने माझ्यासारख्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

सुनेने गाडीखाली वाकून दांडीवरचा नट पाहिला. त्यावर माझ्या पान्याचे ताजे ओरखडे होते. मग तिने माझ्याकडे पाहिले.

नोंदी व फोटो झाल्यावर डॉक्टरीणबाईंच्या संमतीने तिने नवे शून्य भरले. मागच्या मोकळ्या आवारात पाणी मारले, मला शेजारी बसवले आणि वेगात स्टेअरिंग वळवले. गाडी घसरली, आणि कोणी दंडाला धरून उभे करावे तशी सावरली. परत तसेच केले, परत सावरली. उभा जन्म गाड्या सावरल्या, गाडी माणसाला सावरते हे अंगाने तेव्हा कळले. मी सुनेला सांगायला तोंड उघडले. ती म्हणाली, "बाबा, पुढे बघा."

सायंकाळी तिने येथे येऊन जबाब दिला, की सर्व काम मी एकटीने केले. तो जबाब त्या एका बाबतीत खरा नाही. दांड्यांना तिने हात लावलेला नाही. पाना सोबत आणला आहे, ओरखड्यांशी ताडून पाहावा.

डॉक्टरीणबाईंच्या आईंना मी आज सकाळी भेटून आलो. त्यांनी बसायला सांगितले. मी उभाच राहिलो.

हवालदारांनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. माझे लक्ष होते. त्यांनी माझ्यावर दया येऊन "चुकून" असे एके ठिकाणी घातले होते. ते खोडून "न विचारता" असे करायला लावले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सही करतो.