केवळरामजींची शेवटची इच्छा

(मोहाडी. घरासमोरचं अंगण, दुपारची वेळ.)

तृप्ती : नाही नाही, त्यांना उठवू नका. मी थांबते ना. नागपूरहून निघतानाच ठरवलं होतं, त्यांना त्रास द्यायचा नाही.

केवळराम : कोनाले उठवू नका म्हनता, बाई? घरात मी एकटाच आहो. सून माहेरी गेली. धनंजय राईस मिलवर आहे, येतेच आता.

तृप्ती : मग केवळरामजी? दवाखान्यात नेलं का त्यांना?

केवळराम : केवळराम मीच.

तृप्ती : तुम्ही? धनंजयजींचे वडील?

केवळराम : हव. बसा ना जी. अशा काहून पाहून राहिल्या?

तृप्ती : काही नाही, काका. बरं वाटलं तुम्हाला उभं पाहून. मी तृप्ती, गाडीच्या शोरूममधून आले. धनंजयजी ती स्पोर्ट्स कार घेताहेत ना, ते काम माझ्याकडे आहे. हा बुके तुमच्यासाठी.

केवळराम : गाडी त्याची अन् फुलं मले?

तृप्ती : गाडी तुमच्यामुळेच मिळाली, काका. या मॉडेलच्या कंपनी मोजक्याच गाड्या बनवते. आमच्या वाट्याला यंदा एकच आली. लोक पैसे घेऊन उभे आहेत, पण द्यायची कोणाला ते शोरूम ठरवतं. धनंजयजींचा नंबर बराच मागे होता.

केवळराम : मंग पुढं कसा आला?

तृप्ती : त्यांनी मला सगळं सांगितलं. तुमच्या पोटाच्या आजाराचं. डॉक्टरांनी हात टेकले, तेही. आणि तुमची एकच इच्छा राहिली आहे म्हणाले.

केवळराम : कोनती?

तृप्ती : त्या गाडीत बसून एकदा गोसीखुर्दच्या धरणावर जायचं. जुनं गाव जिथं बुडालं, तिथलं पाणी डोळ्यांनी पाहायचं. सांगताना रडले ते. मीही रडले. माझे बाबा असेच गेले, आंधळगावला. त्यांच्या मनात काय होतं, ते मी विचारलंसुद्धा नाही. म्हणून मग मॅनेजरशी भांडले तुमच्यासाठी.

केवळराम : हं.

तृप्ती : काका, घाम आला तुम्हाला. दुखतंय का?

केवळराम : हव. दुखते थोडं.

तृप्ती : औषध कुठे ठेवलंय? मी आणते.

केवळराम : नको. बस तू. मले हे सांग, नंबर कोनाचा होता?

तृप्ती : तुमसरचे बाबुलालजी म्हणून आहेत. तीन वर्षं थांबलेत. मी त्यांना विचारलं, गाडी घ्यायचं काही खास कारण आहे का. म्हणाले, आवडते म्हणून. बस, एवढंच. त्यावर मी मॅनेजरला काय सांगणार?

केवळराम : काय सांगशीन बिचारी. हे पाह्य, धनंजय आला.

धनंजय : मॅडम, तुम्ही? फोन तरी करायचा होता. बाबा, तुमी उन्हात कायले बसले? चला, आत जाऊन पडा.

केवळराम : पडतो. पोरी, सैपाकघरात माठ आहे. गिलासभर पानी आनशीन का?

तृप्ती : आणते, काका.

केवळराम : हं, सांग आता. कवा मरून राहिलो मी?

धनंजय : बाबा, हळू बोला.

केवळराम : हळूच बोलून राहिलो.

धनंजय : सगळेच काही ना काही सांगतात तिथं. कोनी मंत्र्याकडून फोन लावते, कोनी जुन्या चार गाड्यांचे फोटो दाखवते. माझ्यापाशी काय होतं?

केवळराम : तुझी माय होती. पोटाचं दुखनं तिचं. माहेर बुडालं तिचं. एकडाव ते पानी दाखवा, हे बी तिनंच म्हटलं होतं. सारं कौशल्याचं उचललं अन् माझ्या नावावर टाकलं.

धनंजय : ठरवून नाई केलं, बाबा. बोलता बोलता तेच तोंडात आलं. पन रडलो ते खोटं नव्हतं.

केवळराम : म्हनूनच त मानलं त्या पोरीनं.

धनंजय : तेव्हा धानाचा सीझन होता. मिल सोडून कसा जानार होतो?

केवळराम : तुले सीझन होता. मले काय होतं? म्हटलं, बरी झाली की जाऊ. एसटीनं बी चाललं असतं तिले. अन् आज या पोरीनं इचारलं, दुखते का, त मी हव म्हटलं. तुझी लाज झाकाले.

तृप्ती : पाणी घ्या, काका.

धनंजय : मॅडम, मी तुम्हाला समजावून सांगतो.

तृप्ती : नको जी. मले नका समजावू. आयकलं मी. मॅनेजर म्हणत होते, एकदा घरी जाऊन चौकशी करू. मीच त्यांना म्हटलं, मरणाऱ्या माणसाच्या घरी चौकशीला जाताना लाज नाही का वाटत. सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांनी चौकशी सोडून दिली.

केवळराम : पोरी, मी बी खोटं बोललो तुह्यासंग. काही दुखत नाई मले.

तृप्ती : बरं आहे, काका. दुखत नाही, ते बरंच आहे.

धनंजय : गाडी नको मले. रद्द करा.

केवळराम : रद्द केली की तू सुटला. त्या बाबुलालले कोन सांगन?

तृप्ती : मी सांगते. त्यांचा नंबर लागला, एवढंच सांगीन त्यांना. तुमचं नाव कुठेच येणार नाही, धनंजयजी.

धनंजय : अन् मॅनेजरले?

तृप्ती : पाहीन काहीतरी.

धनंजय : काय पाहाल? तुमच्यावरच येईल ते. मॅनेजरशी मी बोलतो, उद्या नागपूरले येऊन. समोर बसून.

केवळराम : अन् बाबुलाल?

धनंजय : लावा फोन, मॅडम. तुमच्याच फोनवरून लावा. माझा नंबर वळखीचा नाई, तो उचलनार नाही.

तृप्ती : नक्की? एकदा बोललात की मग मला सावरता येणार नाही.

धनंजय : लावा.

तृप्ती : घ्या. वाजतेय.

धनंजय : हॅलो, बाबुलालजी? नमस्कार. नाही, मॅडम नाही, मी मोहाडीहून धनंजय बोलतो. तुमी मले वळखत नाई. तुमच्या गाडीचं सांगाचं होतं. माझ्याकडून एक... जेवून राहिले का? नाही नाही, हात नका धुवू. जेवा आरामात. मी थांबतो.