‘तेलवात’चा पुढचा अंक

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय पाळक अपूर्व शिरसाठसाहेब, हॅरोहून वेळ काढून आलेल्या पाहुण्या अक्षयाताई देवधर, आपल्या मंडळीचे सेक्रेटरी परीक्षितकाका, लेस्टरची माझी मधुमतीआत्या, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते माझे आजोबा शांतवन रणभिसे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हां सर्वांना प्रभूमध्ये सलाम. अण्णांचं नाव आधी घ्यावं की शेवटी, हे मी पाळकसाहेबांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, “कुठेही घे, पण घे.” तेव्हा क्रम चुकला असेल तर तो माझा.

अक्षयाताई आमच्या मंडळीच्या नाहीत, म्हणून थोडं सांगते. आम्ही अ‍ॅडव्हेंटिस्ट. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत आमचा शब्बाथ, त्या वेळात काम नाही. वॉटफर्डच्या जूनमध्ये मुलं खिडकीशी उभी राहून ‘हा मावळत का नाही’ म्हणून सूर्याकडे रागानं बघतात. डिसेंबरात सगळेच धार्मिक असतात. आता मागून समोशांचा वास येतोय, तो शब्बाथ चहाच्या वेळेलाच संपला म्हणून. आणि दुसरी गोष्ट म्हणजे प्रभू येशू पुन्हा येणार, तोही लवकर, यावर आमची सगळी उभारणी आहे. आजचं माझं बोलणं या दुसऱ्या गोष्टीपाशी अडलेलं आहे. पण आधी अण्णा.

अण्णा तरुणपणी नगरहून इथं आले, कारण वॉटफर्ड हे छापखान्यांचं गाव होतं आणि त्यांना छपाईचे खिळे जुळवता येत होते. पहिल्याच हिवाळ्यात फोरमननं त्यांना शुक्रवारची दुपारपाळी दिली. अण्णांनी नाही म्हटलं. फोरमन म्हणाला, “अरे, इथं थंडीत चारलाच सूर्य मावळतो. तुझ्या देवाला हे माहीत आहे का?” अण्णा म्हणाले, “साहेब, सूर्य त्याचाच आहे.” नोकरी गेली. दुसरीही तशीच गेली, आणि तिसरीही. आजी, म्हणजे लीलावतीबाई, दर वेळी एवढंच म्हणायची, “डबा परत आणलात ना? मग झालं.”

त्याच दोन माणसांनी आपल्या बैठकीच्या खोलीत या देशातली आपली पहिली मराठी शब्बाथशाळा भरवली. आणि त्याच वर्षी ‘तेलवात’ हे मासिक काढलं. नावावरून पहिलं भांडण झालं. एक वडीलधारे म्हणाले, “रणभिसे, हे देवळातलं नाव वाटतं.” अण्णा म्हणाले, “मग शास्त्रातल्या, वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारिकांच्या दिव्यांत काय होतं? रॉकेल?”

‘तेलवात’मध्ये ‘क्रमशः’ हा शब्द कधी छापला गेला नाही, हे तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलंय? लेख मोठा असला तर अण्णा तो कापायचे, पण त्याच अंकात संपवायचे. लेखक चिडायचे. अण्णांचं म्हणणं, “पुढच्या अंकाआधी प्रभू आला तर वाचकानं उरलेलं कुणाला विचारायचं?” हसू नका. ते गंमत करत नव्हते. आजीला मागच्या अंगणात प्लमचं झाड लावायचं होतं. अण्णा म्हणाले, “फळ धरेपर्यंत आपण इथं कशाला असू?” आजी आयुष्यभर प्लम बाजारातून आणायची आणि मला सांगायची, “तुझ्या आजोबांचं झाड स्वर्गात आहे गं, माझं मार्केटात.”

माझी पहिली शाळा त्यांचं स्वयंपाकघर. आई-बाबा दोघंही पाळ्यांमध्ये, म्हणून आठव्या वर्षापर्यंत मला घरीच शिकवलं. शिकवलं म्हणजे प्रुफं वाचायला बसवलं. मी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि अण्णांनी समोरच्या कागदावर खुणा करायच्या. एकदा जेवणाआधी प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली आणि मी डोळे मिटून म्हटलं, “हे प्रभू स्वल्पविराम या अन्नाबद्दल आभार पूर्णविराम.” आजीचा भात करपेपर्यंत हसणं चाललं होतं. अण्णा मात्र गंभीरपणे म्हणाले, “उद्गारचिन्ह राहिलं.”

आता अण्णांची नजर गेली आहे. मध्यभागीच काळं दिसतं, कडांनी थोडा उजेड. एकटं राहणं जमत नाही, म्हणून उद्या ते आत्याकडे लेस्टरला जातायत. हे सगळं तुम्हांला ठाऊक आहे. आणि परीक्षितकाकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आमंत्रणात, दिव्याच्या चित्राखाली, असंही लिहिलंय की ‘तेलवात’ची धुरा आता ऋजुता सांभाळणार. मी काकांना फोन केला. “काका, मला विचारलं नाहीत.” काका म्हणाले, “अगं, त्यात विचारायचं काय? घरचंच आहे.” आज हॉलच्या दारात कितीतरी जणांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणत आत आले. आणखी काय म्हणणार होते?

अडचणी सांगायला लागले तर पुष्कळ आहेत. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, वेळ कमी. पाठवलेले अंक परत येतात, कारण वाचणारी माणसं त्या पत्त्यावर उरलेली नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. पण या अडचणींशी झगडता येतं. अण्णांनी याहून मोठ्या अडचणींत अंक काढले.

माझी अडचण शेवटच्या पानावर आहे. पहिल्या अंकापासून तिथं एकच ओळ असते: ‘तो लवकर येत आहे.’

गुरुवारी आत्या खोकी भरत होती. अण्णांनी मला जवळ बसवलं. “ऋजू, अंक छपाईला कधी सोडतेस?”

मी म्हटलं, “अण्णा, मला शेवटची ओळ लिहिता येत नाही.”

“का?”

“तो येणार, हे मी मानते. लवकर म्हणवत नाही. मी लिहिलं तर ते मला खरं वाटत नसताना लिहिलेलं असेल. तुम्ही असं एक अक्षर तरी कधी छापलंत का?”

मला वाटलं होतं, ते रागावतील. वचनं काढून दाखवतील. त्यांना सगळी पाठ आहेत, डोळ्यांची गरज नाही. मी तर उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. अण्णांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मग तो शब्द काढ. ‘तो येत आहे’ एवढंच ठेव. अंक निघू दे.”

आत्या हातातली चिकटपट्टी तशीच धरून उभी राहिली.

बंधुभगिनींनो, मावळत्या सूर्यासाठी ज्यांनी तीन नोकऱ्या गमावल्या, बायकोला झाड लावू दिलं नाही, त्यांनी हा शब्द नातीसाठी असा सोडून दिला. ते भांडले असते तर मलाही भांडता आलं असतं. आता मी काय करू? तो शब्द ठेवला तर मासिक माझं नाही. काढला तर अण्णांचं नाही. दोन रात्री मी तिसरी वाट शोधतेय. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “प्रार्थना कर.” केली. अजून करतेय. पण सभा आज आहे, आणि आमंत्रणावर माझं नाव छापलेलं आहे.

म्हणून सांगते. मी ‘तेलवात’ चालवणार नाही. पुढचा अंक निघणार नाही. ज्याला तो शब्द मनापासून लिहिता येतो असं कुणी या हॉलमध्ये असेल तर पुढे यावं. मी प्रुफं वाचीन, पाकिटं चिकटवीन, पोस्टात नेऊन टाकीन. मघापासून मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघतेय. कुणी उठत नाही. मी कुणाला दोष देत नाही, मीही उठले नसते.

बोलावल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. पाहुण्यांना आमचं घरातलं ऐकावं लागलं, त्यांनी राग मानू नये. परीक्षितकाका, तुम्हांला मी मान खाली घालायला लावली, मला क्षमा करा. शेवटी चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची आपली रीत आहे. मी रीत म्हणून म्हणत नाहीये.

अण्णा, तुम्ही माझ्या आवाजाकडे तोंड करून बसला आहात आणि माझा चेहरा तुम्हांला दिसत नाही. मी रडत नाहीये, एवढं सांगते.

नाही, अण्णा. रडतेय.